कधीबाई

निघताना 'जाते' म्हणणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली.

आपल्याकडे कोणी 'जाते' म्हणत नाही. पाच मिनिटं टेकून निघालेला माणूस 'येतो' म्हणतो, बदली होऊन कायमचा नागपूरला चाललेलाही 'येतो' म्हणतो, आणि ज्या घरात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही असं मनाशी पक्कं ठरवलेलं असतं, तिथेही चपला पायात सरकवताना आपण 'येते हं' म्हणतोच. बाई तसं म्हणत नसत. चहा संपला, कप मोरीत नेऊन विसळला, पदर सारखा केला, की दारात उभ्या राहून स्पष्ट आवाजात म्हणायच्या, "बरं, जाते मी."

त्या आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या तेव्हा मी चौथीत होते. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नव्हती, आजही नाही, त्यामुळे वर जाणारा प्रत्येक माणूस आमच्या दारावरून जाई आणि अर्ध्या वेळा पाणी प्यायला आत येई. बाई पहिल्यांदा आल्या त्या अशाच. त्यांचं नाव एस्तेर. तरुणपणीच विधवा झालेल्या, मूलबाळ नाही. आमच्याच मंडळीत, म्हणजे कल्याणच्या आमच्या चर्चमध्ये, त्या नव्याने यायला लागल्या होत्या, म्हणून आईने त्यांना कौतुकाने बसवून घेतलं. जाताना त्या 'जाते' म्हणाल्या आणि आईचा चेहरा उतरला.

आई ख्रिस्ती घरातली, नगरकडची. शकुन, अपशकुन, मांजर आडवं जाणं, काही मानायची नाही. पण 'जाते' हा शब्द तिला सोसत नसे.

"अहो, जाते काय म्हणता भरल्या घरातून?" ती म्हणाली. "येते म्हणावं."

"परत कधी यायचं ते अजून ठरलेलं नाही माझं," बाई म्हणाल्या. "ठरलं की येते म्हणेन."

हे झालं एका बाजूचं. दुसरी बाजू अशी, की दुसऱ्या कोणी त्यांना 'येते' म्हटलं की त्या विचारायच्या, "कधी?" त्यात टोमणा नसायचा, खरंच विचारायच्या. तुम्ही बुधवार म्हणालात तर बुधवारी संध्याकाळी त्यांच्या गॅसवर आधण ठेवलेलं असे. आमच्या इमारतीतल्या पोरांनी त्यांचं नाव कधीबाई ठेवलं, आणि ते नाव त्यांना माहीत होतं. "वाईट नाही," त्या म्हणायच्या. "लोकांच्या नावाला याहून वाईट गोष्टी चिकटलेल्या असतात."

इमारतीच्या मागे म्हात्रेकाकूंचं घर होतं. म्हात्रे तिथले पिढ्यान्‌पिढ्यांचे. आमची इमारत ज्या जमिनीवर उभी होती तिथे त्यांच्या सासऱ्यांचं भातशेत होतं. काकू मोठ्या अंगाच्या, मोठ्या आवाजाच्या, आणि अंगणात कोंबड्या पाळणाऱ्या. त्यांनाही बाईंच्या 'जाते'चा धसका बसला होता. "बाय, जाते नको बोलू गं," त्या हात जोडून म्हणायच्या. "माझ्या जीवाला घोर लागतो. खोटं खोटं येते बोल."

"खोटं खोटं बोललं की खरं खरं यावं लागतं का?" बाईंनी विचारलं.

"तसं काय नाय."

"मग त्या बोलण्याचं करायचं काय?"

काकूंच्या नातवाचं बारसं होतं तेव्हा बाई सकाळी जाताना त्यांना 'संध्याकाळी येते' म्हणून गेल्या. त्या दिवशी त्यांना मंडळीच्या कामासाठी कल्याणला जायचं होतं. दुपारी कसलंतरी भांडण होऊन रिक्षा बंद पडल्या, गाड्याही थांबल्या. बाई कल्याणहून चालत निघाल्या आणि ठाकुर्लीवरून डोंबिवलीत शिरून दिवेलागणीला थेट म्हात्र्यांच्या अंगणात उभ्या राहिल्या. पायात चपलेचा अंगठा तुटलेला, हातात झबलं. पाळण्याची गाणी संपून पंगत बसली होती.

"अगं बाय, फोन करायचा ना शेजारी," काकू म्हणाल्या.

"फोनने येता येत नाही," बाई म्हणाल्या आणि पायऱ्यांवर बसून पाय चोळू लागल्या. त्या दिवसापासून काकूंनी त्यांना 'जाते'वरून बोलणं सोडलं. उलट त्या इतरांना सांगायच्या, "तिचं येते म्हंजे रजिस्टर केलेलं आसतं."

रविवारी उपासनेच्या आधी आमची शब्बाथशाळा भरायची. चर्चमागे पत्र्याची खोली होती, तिथे मुलांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायचं काम बाईंकडे आलं. इतर शिक्षक आम्हाला दाविदाची गोफण, दानिएलाचे सिंह असलं सांगायचे. बाईंची आवडती गोष्ट प्रभूच्या पेत्र नावाच्या शिष्याची. प्रभूला पकडून नेलं त्या रात्री पेत्र अंगणात शेकोटीपाशी हात शेकत बसला होता आणि एका मोलकरणीने विचारल्यावर म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. ही गोष्ट बाई वर्षातून दोनदा तरी सांगत.

"पेत्र खोटं कुठे बोलला?" त्या विचारायच्या.

"अंगणात, बाई."

"कोर्टात नाही ना? राजासमोर नाही ना? शेकोटीपाशी, गप्पा मारता मारता. मुलांनो, राजासमोर तुम्हाला कोणी नेणार नाही. तुमची परीक्षा शेकोटीपाशीच होणार."

त्या गोष्टीत शेवटी, पेत्र तिसऱ्यांदा खोटं बोलताच, कोंबडा आरवतो. आमच्या इमारतीतल्या आम्हा मुलांवर त्याचा असा परिणाम झाला, की मागे म्हात्र्यांचा कोंबडा आरवला की आम्ही खेळ थांबवून एकमेकांकडे बघायचो, आत्ता कोण खोटं बोललं म्हणून. आऊट झालेला एक मुलगा तर कोंबड्याच्या भीतीने आपणहून बॅट ठेवून गेला होता. आता म्हात्र्यांच्या घराच्या जागी बारा मजली इमारत आहे आणि कोंबडा नाही. कोण खोटं बोलतं ते समजायची सोय राहिलेली नाही.

बाई तोंडाला येईल ते बोलणाऱ्या होत्या असं मात्र कोणी समजू नये. फटकळ माणसं मी भरपूर पाहिली आहेत. ती खऱ्याच्या नावाखाली स्वतःचा राग काढतात. बाईंचं तसं नव्हतं. म्हात्रेकाकूंच्या मुलाने जुन्या घराला जांभळा रंग दिला तेव्हा काकू त्यांना हाताला धरून घेऊन गेल्या. "कसं वाटतं घर?" बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भिंती मजबूत आहेत. खिडक्यांतून वारा छान येत असेल."

"म्हंजे रंग नाय आवडला."

"नाही आवडला."

"मला पन नाय," काकू म्हणाल्या. "पोरानं लावला, बोलू कोनाला?" आणि दोघी हसत सुटल्या.

परत येताना मी बाईंना विचारलं, की आधी भिंतींबद्दल का बोललात? "चांगलं असलेलं खरं शोधायला जरा वेळ लागतो," त्या म्हणाल्या. "तेवढा वेळ नसतो म्हणून लोक खोटं बोलतात. आणि शुभा, खरं बोलायचं म्हणजे सगळं बोलायचं असं नाही. न विचारलेलं खरं पोटात ठेवायला देवाने जागा दिलेली आहे."

पाळकसाहेबांनी एकदा उपासना झाल्यावर दारात हात मिळवताना विचारलं, "कसा वाटला आजचा उपदेश?" बाई म्हणाल्या, "लांबला, साहेब. पण क्षमेबद्दल बोललात ते घरी घेऊन चालले आहे." पुढच्या रविवारी उपदेश आटोपशीर झाला. सगळ्या मंडळीने बाईंचे मनातल्या मनात आभार मानले.

हे सगळं गमतीचं. पण या सवयीची किंमत त्यांनी मोजली ती नोकरीत. बाळकुमला एका रंगाच्या कारखान्यात त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. आता तिथे गृहसंकुलं झाली आहेत. मी ठाण्याला राहते, बसने त्या बाजूला गेले की कारखान्याचं फाटक नेमकं कुठे होतं ते आठवायचा प्रयत्न करते आणि जमत नाही. बाईंचा आवाज त्या कामासाठीच घडवलेला होता. न ओरडता लांब पोचणारा, प्रत्येक अक्षर सुटं. सुटीच्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरून त्यांनी भाजीवाल्याला थांबवलं, तर भाजीवाला थांबून टोपी सारखी करायचा.

कारखान्यात नवे साहेब आले. त्यांना काही लोकांचे फोन नको असायचे. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, "यांचा फोन आला की मी नाही म्हणून सांगायचं."

"पण तुम्ही आहात, साहेब."

"मी आहे ते मला माहीत आहे."

"मलापण माहीत आहे ना," बाई म्हणाल्या.

बाईंनी मधला मार्ग काढला. त्या फोनवर सांगू लागल्या, "साहेब आहेत, पण आत्ता बोलणार नाहीत." पलीकडचा माणूस विचारी, का? बाई सांगत, "ते त्यांनी मला सांगितलेलं नाही." महिनाभरात त्यांना टेलिफोनच्या बोर्डावरून उचलून मागच्या गोदामात डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. तिथे रंगाचा वास, पंखा नाही, बोलायला माणूस नाही. निवृत्त होईपर्यंत त्या तिथेच राहिल्या. साहेब पुढे बदलून गेले, पण बाईंना बोर्डावर परत बोलवावं असं कोणाला सुचलं नाही.

आई त्यांच्यावर चिडली होती. आमच्या स्वयंपाकघरात बाई शेंगा सोलत बसल्या होत्या आणि आई पोळ्या लाटता लाटता त्यांना झाडत होती. "एवढ्याशा गोष्टीसाठी, एस्तेर? अख्खं जग सांगतं साहेब नाहीत म्हणून. त्याला पाप कोण म्हणतं?"

"अख्ख्या जगाचं मला माहीत नाही."

"देव काय एवढ्यासाठी तुला धरून ठेवणार आहे?"

"सुशीला, तो मला धरून ठेवेल म्हणून नाही गं," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे तोंड एकच आहे. दिवसभर ऑफिसात वापरायचं आणि सकाळी त्यानंच प्रार्थना करायची. मला दुसरं तोंड ठेवायला जमत नाही. तुला जमतं का?"

आईची तव्यावरची पोळी करपली.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला आईचं म्हणणं पटलं होतं. खरं सांगायचं तर पुढेही बरीच वर्षं पटत राहिलं. मी व्यवहारी बाई आहे. ठाण्याच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी काम करते. तिथे दिवसाला दहा वेळा 'फाइल वर पाठवली आहे' असं सांगितल्याशिवाय खिडकीपुढची रांग सरकत नाही. बाईंबद्दल मला आदर होता, पण तो चालत तीर्थाला जाणाऱ्या माणसाबद्दल बसमधल्या माणसाला असतो तसा.

मग आई आजारी पडली.

पोटात गाठ निघाली, आणि कल्याणच्या डॉक्टरांनी दादाला आणि मला आत बोलावून सांगितलं, की आता उपचार करून तिला फक्त त्रास होईल, घरी न्या. दादा आईजवळच राहायचा, लग्नानंतरही त्याने ते घर सोडलं नव्हतं. जिन्यातच तो म्हणाला, "तिला कळू द्यायचं नाही. खचेल ती." मलाही तेच योग्य वाटलं. मी रजा काढून डोंबिवलीला राहायला आले आणि नेहमीप्रमाणे सगळं हातात घेतलं. औषधांच्या वेळा, पाळ्या, भेटायला येणाऱ्यांना काय सांगायचं ते. गाठ साधी आहे, गोळ्यांनी विरघळेल, नाताळपर्यंत हिंडायला फिरायला लागशील. हे वाक्य मी नातेवाइकांना फोनवर घोटवून घेतलं होतं. सगळे हसत येत, वाक्य म्हणत, हसत जात. 'येते हं, सुशीलामावशी' म्हणत.

फक्त बाई आल्या नव्हत्या. आई रोज विचारायची, "एस्तेर कुठे आहे? बरी आहे ना?"

मी वर गेले. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "माझ्या कानावर आलंय सगळं. मी काय बोलायचं तेही आलंय."

"बाई, एवढं एकच वाक्य आहे."

"ते मला म्हणता येणार नाही. म्हणून मी खाली उतरले नाही."

"पण ती रोज तुमची वाट बघते."

बाईंनी उठून खिडकी लावून घेतली. मग म्हणाल्या, "येते. पण ऐक. मी आपणहून तोंड उघडणार नाही. लोणच्याबद्दल बोलेन, पावसाबद्दल बोलेन. तिने विचारलं तर मात्र..."

"तर काय?"

"तर तू मला माफ कर."

आठवडाभर आईने काही विचारलं नाही. दोघी लोणच्याबद्दल बोलल्या, म्हात्रेकाकूंच्या नव्या फ्लॅटबद्दल बोलल्या, जुन्या शब्बाथशाळेतल्या मुलांची नावं आठवत बसल्या. बाईंनी पुढे मला सांगितलं, की त्या आठवड्यात जिना उतरताना त्या प्रत्येक पायरीवर एकच प्रार्थना करायच्या, आज हिने विचारू नये. "आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे पळवाट मागितली," त्या म्हणाल्या.

एका दुपारी मी फळांचा रस घेऊन खोलीच्या दारापर्यंत आले आणि आईचा आवाज ऐकला.

"एस्तेर, सगळे म्हणतात नाताळपर्यंत मी हिंडायला फिरायला लागेन. लागेन का गं?"

मला आत शिरता आलं असतं. रस घे म्हणून विषय बदलता आला असता, त्यात मी तरबेज आहे. मी रसाचा पेला धरून दाराबाहेरच उभी राहिले.

"नाही, सुशीला," बाई म्हणाल्या.

मग आई म्हणाली, "तरीच. सगळे इतके हसत येतात." आणि रडायला लागली. बाईंनी तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि तशाच बसून राहिल्या. समजूत घातली नाही, शास्त्रातलं वचन म्हटलं नाही. मी आत गेले तेव्हा बाईंचा पदर भिजलेला होता, आणि तो एकट्या आईच्या अश्रूंनी नव्हता.

संध्याकाळी दादा घरी आला. त्याला कळल्यावर तो जिन्यात बाईंच्या समोर उभा राहिला. दादा कोणाशी मोठ्याने बोलणारा नाही. तो हळू आवाजातच म्हणाला, "बाई, तुमच्या खऱ्याने माझ्या आईचा धीर गेला."

"गेला असेल," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला पुण्य मिळालं, आम्हाला काय मिळालं?"

"मला काही मिळालेलं नाही रे, बाळ."

"उद्यापासून येऊ नका."

"मी तिला उद्या येते म्हटलंय," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दादाने दार उघडलं नाही. तो रजा घेऊन घरीच बसला होता. बाई खाली उतरल्या, बेल वाजवली, दार उघडत नाही असं पाहिल्यावर आमच्या दारासमोरच्या पायरीवर बसल्या. भांडल्या नाहीत, पुन्हा बेल वाजवली नाही. मी दाराच्या भोकातून बघितलं तर त्या मांडीवर हात ठेवून भिंतीकडे बघत होत्या. वर जाणारे त्यांना वळसा घालून जात होते. तास गेला, जास्तच. शेवटी त्यांना खोकला आला.

"एस्तेर आली," आतून आई म्हणाली. "दार उघडा की रे."

दादा जागचा हलला नाही. आई म्हणाली, "राजू, मला एवढे दिवस सगळ्यांसाठी हसावं लागत होतं. तुम्ही हसता म्हणून मी हसत होते. थकले मी. ती आली की मला हसावं लागत नाही. उघड."

दादाने दार उघडलं. स्वयंपाकघरातून खुर्ची आणून आईच्या पलंगाशी ठेवली, आणि ती खुर्ची मग तिथून कोणी हलवली नाही.

त्यानंतर आई जेवढे दिवस होती तेवढे ती आमच्यात होती, हे मी खात्रीने सांगू शकते. आधीच्या दिवसांत ती नाताळची वाट बघत पडून असायची. आता तिला कामं दिसू लागली. नगरच्या मावशीशी तिचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं, तिला फोन लावायला सांगितला आणि दोघी कोण चुकलं यावर परत भांडल्या आणि हसल्या. मला पलंगाशी बसवून करंज्यांच्या सारणाचं प्रमाण सांगितलं, जे ती आजवर 'अंदाजाने' म्हणून टाळत आली होती. दादाला एकट्याला बोलावून ती काय बोलली ते मला माहीत नाही. तो बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते आणि चेहरा मोकळा.

शेवटच्या सकाळी खिडकीतून ऊन तिच्या पायांवर आलं होतं. बाई खुर्चीवर होत्या, मी आणि दादा उशाशी. आईने डोळे उघडले आणि बाईंकडे बघून हळूच म्हणाली, "जाते हं, एस्तेर."

तिच्या तोंडून तो शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

"जा," बाई म्हणाल्या. "मी येते."

आईच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "कधी?" तिने विचारलं.

एवढ्या वर्षांत बाईंना तो प्रश्न परत कोणी विचारला नव्हता. "ते मी ठरवत नाही," त्या म्हणाल्या. "पण येते."

आई गेल्यावर दादाचं आणि बाईंचं काय झालं असं कोणी विचारतं. काही झालं नाही. दर रविवारी चर्चला जाताना तो तिसऱ्या मजल्यावर जाऊन त्यांना हाताला धरून खाली आणू लागला, एवढंच. मीही महिन्यातून एकदा ठाण्याहून जायची. निघताना 'येते' म्हणायची, त्या 'कधी?' विचारायच्या, आणि मी खरंच तारीख सांगायची. माझ्यात दुसरा फरक फारसा पडला नाही. खिडकीपुढच्या लोकांना मात्र 'फाइल अजून माझ्याकडेच आहे' असं मी सांगू लागले. लोक आधी चमकतात, मग थांबतात. रांग थोडी हळू सरकते.

मोबाइलचं बाईंना फार नवल. लोक घरात बसून 'निघालो, रस्त्यात आहे' सांगतात, हे त्यांनी दादाकडून ऐकलं होतं. मग कोणीतरी त्यांना फोनवरच्या नकाशात माणूस नेमका कुठे आहे ते दिसतं ते दाखवलं. त्या हसून हसून लाल झाल्या. "बघ," मला म्हणाल्या, "म्हात्रेचा कोंबडा परत आला."

मागच्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या. मी एका रविवारी दुपारी गेले होते. खोलीत तीच खिडकी, भिंतीवर वचनाचं कॅलेंडर, खुंटीला छत्री. आवाज खोल गेला होता, शब्द अर्धेच बाहेर येत होते.

"शुभा," त्या म्हणाल्या, "हा जिना मी आता उतरणार का गं?"

माझ्याकडे तयार वाक्यं भरपूर होती. माझ्या आईसाठी मीच ती घोटवली होती. मी खोलीत नजर फिरवली आणि चांगलं असलेलं खरं शोधलं. तेही थोडं होतं, पण ते त्यांनी विचारलेलं नव्हतं.

"नाही, बाई," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "बरं. मग ती छत्री म्हात्रेला दे. तिची सारखी हरवते." आणि थोड्या वेळाने, "चांगलं सांगितलंस. आवाज नाही हलला तुझा."

आवाज हलला होता. त्यांच्या कानांना कळला नसावा, किंवा हे त्यांनी पोटात ठेवलं असेल.

मी त्यांचा हात धरून बसले. त्यांचे डोळे मिटले होते. खाली कोणीतरी रिक्षा वळवत होतं. मला वाटलं झोप लागली, म्हणून मी हात सोडवून उठायला लागले, आणि तेवढ्यात त्या बोलल्या. बोर्डावरच्या त्या जुन्या आवाजात, प्रत्येक अक्षर सुटं, लांब पोचेल असं.

"येते."

चाळीस वर्षं त्यांच्याकडून ऐकून लागलेली सवय. 'कधी?' माझ्या ओठांवर आलं होतं. पण बाईंचा चेहरा माझ्या बाजूला नव्हता, आणि 'येते' हा शब्द त्यांनी कोणाला देऊन ठेवलेला होता ते मला माहीत होतं. मी परत खाली बसले.